ज्याला दिसत नाही त्यालाही सामना दिसेल असा समालोचक कोण? (जायंट्स, २०२५)

फ्रीमाँटचा_सातारकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबणार आहे, कारण त्यात एक अख्खा हंगाम आहे.

माझे आईबाबा या वर्षी २ एप्रिलला साताऱ्याहून आमच्याकडे फ्रीमाँटला आले आणि सहा महिने राहून १ ऑक्टोबरला परत गेले. बाबा एसटीत वाहक होते. काचबिंदूमुळे त्यांची नजर गेली चार वर्षं उतरत चालली आहे. समोर माणूस उभा आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. टीव्ही त्यांच्या दृष्टीने नुसता हलणारा उजेड.

ते आल्यानंतर दोनच दिवसांनी, ४ एप्रिलला, जायंट्सचा, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल संघाचा, घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, सिअ‍ॅटलच्या मरिनर्सशी. मी सुट्टी काढली होती. टीव्ही लावला, बाबा शेजारी येऊन बसले. पाचदहा मिनिटं झाली असतील, म्हणाले, "अरे, दोघं बोलतात छान, पण चेंडू गेला कुठे ते कुणी सांगतच नाही."

इतकी वर्षं मी बेसबॉल बघतोय, पण हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. टीव्हीवरचा समालोचक चित्राच्या भरवशावर बोलतो. चेंडू उडाला की तो "वा!" म्हणतो, उरलेलं डोळ्यांनी बघायचं. ज्याच्याजवळ चित्रच नाही, त्याच्या वाट्याला तेवढा "वा" येतो.

मी टीव्ही बंद केला, गॅरेजमधला जुना ट्रान्झिस्टर शोधून काढला, सेल घातले आणि ६८० एएम, म्हणजे जायंट्सचे सामने सांगणारं केंद्र, लावलं. त्या सामन्याला एरवीच्या नऊऐवजी अकरा इनिंग लागल्या, जायंट्सनी तो १०-९ असा काढला आणि विजयी फटका विल्मर फ्लोरेसचा होता. तोवर बाबा टेबलावर कोपर टेकून, ट्रान्झिस्टरला कान लावून बसले होते. डेपोत तिकिटांचा हिशेब करताना कानाशी आकाशवाणी लावून, बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत बसायचे, तसेच. मी लहानपणी ते दृश्य शेकडो वेळा पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडे चिंचोके मागितले. स्टीलच्या ताटात तीन ओळी मांडायच्या. वरची ओळ बॉलची, म्हणजे भलतीकडे पडलेल्या चेंडूंची, मधली स्ट्राइकची, म्हणजे फलंदाजाच्या खात्यावर लागलेल्या चेंडूंची, खालची आउटची. रेडिओवर "बॉल टू" म्हटलं की वर दुसरा चिंचोका सरकवायचा. फलंदाज बदलला की वरच्या दोन ओळी रिकाम्या करायच्या, तिसरा आउट झाला की सगळं ताट. बोटं फिरवली की त्यांना परिस्थिती कळायची. मला पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दिसतात, त्यांना ते ताटात सापडत. कुणी शिकवलं नव्हतं. हा खेळ मोजण्यावर चालतो हे त्यांना पहिल्याच दिवशी उमगलं होतं.

त्यांचं इंग्रजी कामापुरतं आहे. तरी महिन्याभरात त्यांना जॉन मिलर समजू लागले. मिलर १९९७ पासून जायंट्सचे रेडिओ समालोचक आहेत, २०१० मध्ये त्यांना फोर्ड फ्रिक पुरस्कार मिळाला, म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत मोठा मान. पण बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ओळखला तो आवाजाचा चढउतार. उजवीकडचा क्षेत्ररक्षक रेषेजवळ उभा आहे, पहिल्या बेसवरचा गडी दोन पावलं पुढे सरकला आहे, वारा खाडीकडे चालला आहे, पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, मान हलवून कॅचरला, म्हणजे फलंदाजामागे बसणाऱ्याला, नकार दिला. हे सगळं चेंडू पडण्याआधी. चेंडू पडला की आवाज वर चढायचा आणि बाबा मिलरांचं वाक्य पुरं होण्याआधीच म्हणायचे, "गेला." होम रन झाला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर गेला, की मिलर "आदियोस, पेलोटा" म्हणतात. हे स्पॅनिश आहे, अर्थ "जा बाई चेंडू, राम राम" असा काहीसा, असं मी सांगितलं तेव्हा बाबांना फार आवडलं.

आता हंगामाचं. सुरुवात अशी झाली की मला झोप लागेना. पहिल्या नऊ सामन्यांत आठ विजय. १५ जूनला बस्टर पोझीने बोस्टनहून फलंदाज राफाएल डेव्हर्सला आणलं. ज्या माणसाने कॅचर म्हणून आपल्याला तीन विजेतेपदं दिली, तोच आता संघाचा कारभार बघतो आणि एवढी उडी मारतो, म्हणून मी ऑफिसात जागेवरून उठून उभा राहिलो. त्या दिवशी ४१ विजय आणि ३१ पराभव होते. शेवटी ८१-८१. म्हणजे डेव्हर्स आल्यानंतर ४० जिंकले आणि ५० हरले. त्याचा एकट्याचा दोष मुळीच नाही, पण आकडे तेच आहेत.

या पडझडीतही ८ जुलै होता. फिलाडेल्फियाविरुद्ध नववी इनिंग, आपण १-३ ने मागे. मी वरच्या खोलीत फोनवर बघत होतो. फोनवरचं चित्र रेडिओच्या अर्धा मिनिट मागे चालतं. माझ्याकडे पिचर अजून चेंडू हातात घेऊन उभा होता आणि खालून बाबांची आरोळी आली, "भिंतीला लागून उलटा पळाला! कॅचर धावतोय रे, कॅचर!" मी जिन्याने खाली येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आपला कॅचर पॅट्रिक बेली याने मारलेला चेंडू उजव्या मध्याच्या विटांच्या भिंतीवर आपटून भलतीकडे गेला, बेली धावत सगळे बेस घेऊन थेट फलंदाजीच्या जागी परत पोचला आणि सामना ४-३ ने संपला. ताट जमिनीवर पडलं होतं, चिंचोके फ्रिजखाली गेले होते, आणि बाबा उभे होते. आई म्हणाली, ते असे झटक्यात उठून उभे राहिले याला दोन वर्षं झाली असतील. मी फोनवर तो फटका नंतर वीस वेळा पाहिला, पण बाबांनी तो माझ्या आधी पाहिला होता.

मग महिनाअखेर आली. संघाने हात आखडते घेतले, खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकले. पिचर टायलर रॉजर्स न्यूयॉर्कच्या मेट्सकडे, डोव्हाल यँकीजकडे, यास्त्रेम्स्की कॅन्सस सिटीकडे. रॉजर्स बाबांचा सर्वांत लाडका. तो चेंडू टाकताना हात जमिनीजवळून आणतो, बोटं मातीला लागतील असं वाटतं. हे मिलरांनी वर्णन केलं तेव्हा बाबांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, "संगम माहुलीला आम्ही पाण्यावर चपटा खडा भिरकवायचो, तसा." तो गेल्याचं कळलं त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला नाही.

ऑगस्टमध्ये घरच्या मैदानावर हरण्याची नुसती रांग लागली. मी दोनतीन वेळा म्हटलं, बाबा, आज राहू द्या. ते म्हणाले, "हरणारी गाडी म्हणून ड्रायव्हर फेरी सोडतो का? तो माणूस रोज बोलायला येतोय. आपण ऐकायला नको?" 'तो माणूस' म्हणजे मिलर.

आता प्रश्न. पहिला: तुमच्या संघाचा असा कोणता समालोचक आहे, ज्याचं ऐकून न पाहता सामना दिसतो? बाबांना पुढच्या हंगामात एकाच संघापुरतं राहायचं नाहीये, "अजून कोण चांगलं सांगतं ते विचारून ठेव" असं सांगून गेलेत. दुसरा: बाबांचा आक्षेप होता की, काही पाहुण्या संघांचे लोक "आम्ही", "आपण" म्हणत बोलतात, हे त्यांना पटलं नाही. माणूस आपल्या गावचा असला तरी त्याने झेल दोन्ही बाजूंचा सारखाच सांगावा. तुम्हाला काय वाटतं? आणि तिसरा, कामाचा: साताऱ्यात त्यांना स्वतःच्या हाताने रेडिओ लावता येईल अशी काही सोय आहे का? इथला ६:४५ चा सामना तिकडे सकाळी ७:१५ ला येतो, म्हणजे चहाच्या वेळेला. पण फोनच्या पडद्यावरचं त्यांना काही दिसत नाही.

एडिसनचा_मेट्सवाला

सातारकर, आधी हे सांगतो की रॉजर्स आमच्याकडे आला तेव्हा मला आनंद झाला होता. तुमच्या बाबांनी त्या दिवशी रेडिओ लावला नाही हे वाचून वाईट वाटलं.

चढउताराचं म्हणाल तर आमच्याइतकं कुणी भोगलं नसेल. १२ जूनला ४५ विजय, २४ पराभव, सगळ्या लीगमध्ये पहिले. त्याच दिवशी आमचा पिचर सेंगा पहिल्या बेसकडे धावत गेला, उंच आलेला थ्रो घ्यायला उडी मारली आणि मांडीचा स्नायू धरून खाली बसला. त्या दिवसापासून शेवटपर्यंत ३८ जिंकले, ५५ हरले. शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, सिनसिनाटी मिलवॉकीकडून हरत होती. आम्हाला फक्त मायामीला हरवायचं होतं. ०-४. सिनसिनाटीचे आणि आमचे विजय सारखेच, ८३, पण आपसातल्या सामन्यांत ते पुढे होते, म्हणून ते बादफेरीत, आम्ही बाहेर. मी ते एडिसनमध्ये ओक ट्री रोडवर गाडीत बसून ऐकलं. वाणसामान आणायला गेलो होतो. दुकानात गेलोच नाही.

आमच्याकडे टीव्हीवर गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग २००६ पासून एकत्र आहेत. हर्नांडेझ आणि डार्लिंग १९८६ च्या विजेत्या संघातले. कोहेन क्वीन्सचेच, लहानपणापासून मेट्सचे. म्हणजे तिघंही पक्के घरचे. तरी कुणी बेसवर आळसाने धावला की हर्नांडेझ तिथल्या तिथे सुनावतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी एकदाही खोटा धीर दिला नाही, म्हणून मी ऐकत राहिलो. बाबांच्या आक्षेपावर माझं उत्तर हे आहे: माणूस माझ्या संघाचा असला तर हरकत नाही, त्याने मला फसवू नये.

रेडिओवर मात्र हॉवी रोज. जिंकल्यावर ते "पुट इट इन द बुक्स" म्हणतात, आमच्या चोपडीत मांडून ठेवा तसं. बाबांना एसटीचा हिशेब ठाऊक आहे, हे त्यांना नक्की आवडेल. पूर्वेचा रात्रीचा सामना तुमच्याकडे पहाटे ४:४० च्या सुमाराला लागेल, एवढी एकच अडचण.

दुसरा_बेस

मी सॅन होजेला १९९८ पासून आहे, आणि मला टीव्हीच्या बाजूने बोललंच पाहिजे. सातारकर, तुमच्या बाबांचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे. पण ज्यांना दिसतं पण खेळ कळत नाही, त्यांचं काय? मला बेसबॉल शिकवला तो ड्वेन कायपर आणि माइक क्रूको या जोडीने. मुलगी तान्ही होती, नवरा उशिरा यायचा, आणि मी संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन या दोघांचं ऐकत बसायचे. पिचरने आता हा चेंडू का टाकला, पुढचा कुठे टाकणार, हे क्रूको आधी सांगायचे आणि बहुतेक वेळा तसंच व्हायचं. ते स्वतः पिचर, १९८६ मध्ये जायंट्ससाठी वीस सामने जिंकलेले. समोरच्या संघाचा फलंदाज बाद झाला की "ग्रॅब सम पाइन, मीट", म्हणजे जा, बाकावर बस. माझ्या मुलीचं पहिलं इंग्रजी वाक्य तेच.

आणि कायपर. त्यांची होम रनची आरोळी "आउटा हिअर" सगळ्या खाडीभागाला पाठ आहे. पण ज्या माणसाने आम्हाला हजारो होम रन सांगितले, त्याने स्वतः खेळताना ३,३७९ वेळा बॅट हातात घेऊन फक्त एकच होम रन मारला, २९ ऑगस्ट १९७७ ला क्लीव्हलंडमध्ये. मला वाटतं म्हणूनच त्यांच्या आवाजात दर वेळी तो पहिल्यांदा बघितल्यासारखा आनंद असतो. ज्याला सहज मिळालं नाही, त्याला किंमत कळते.

२०१० मध्ये संघ प्रत्येक सामना एका धावेने जिंकायचा नाहीतर हरायचा, तेव्हा कायपर म्हणाले, जायंट्स बेसबॉल म्हणजे छळ. लोकांनी त्या शब्दाचे फलक केले आणि त्याच वर्षी आम्ही विजेते झालो.

तुम्ही हंगामाच्या चढउताराबद्दल लिहिलंत. मी या दोघांच्या आयुष्यातलेही चढउतार पाहिले. क्रूकोंना स्नायू क्षीण होत जाण्याचा आजार आहे. ते त्यांनी २०१४ मध्ये सगळ्यांना सांगितलं. जिने चढणं अवघड झालं, प्रवास कमी झाला. २०२१ मध्ये कायपरांवर केमोथेरपी सुरू होती, मधेमधे ते दिसेनासे व्हायचे, आणि नेमकं त्याच वर्षी संघाने १०७ सामने जिंकले, आजवरचे सर्वाधिक. ते परत आले त्या संध्याकाळी त्यांचा आवाज थोडा बारीक झाला होता. मी स्वयंपाक सोडून समोर येऊन बसले. माझी आई तेव्हा पुण्यात त्याच उपचारांतून जात होती. यापुढचं लिहीत नाही.

म्हणून म्हणते, बाबांना दिसत नसलं तरी कधीतरी एखादी संध्याकाळ टीव्हीचा आवाजही ऐकवा. चेंडू कुठे गेला ते कळणार नाही. पण दोन मित्र तीस वर्षं एकमेकांशेजारी बसून कसे बोलतात, ते कळेल.

एलए_पुणेकर

डॉजर्सवाला आहे, तरी लिहितो. या विषयात व्हिन स्कलींचं नाव आलं नाही तर चालणार नाही.

बाबांचा जो आक्षेप आहे ना, "आम्ही" म्हणायचं नाही, तो स्कलींनी ६७ हंगाम पाळला. १९५० ला ब्रुकलिनमध्ये सुरुवात, २०१६ ला शेवट. डॉजर्सचा पगार घेऊन कधी "आपण जिंकलो" म्हणाले नाहीत. त्यांच्या बूथमध्ये दुसरा कुणी नसायचा, एकटेच थेट ऐकणाऱ्याशी बोलायचे.

तुमच्या बाबांचा ट्रान्झिस्टर वाचला आणि मला इथली जुनी गोष्ट आठवली. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला आला तेव्हा सामने कोलिसियममध्ये व्हायचे. ते मैदान मुळात बेसबॉलचं नाही, मागच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसत. मग लोक मैदानावर येतानाच ट्रान्झिस्टर आणू लागले. सामना डोळ्यांसमोर चालला आहे आणि हजारो लोक तो स्कलींच्या आवाजात ऐकत आहेत. म्हणजे ज्यांना दिसत होतं त्यांनाही तो आवाज लागत होता.

त्यांची सर्वांत मोठी गोष्ट मला वाटते ती गप्प राहणं. १९८८ च्या वर्ल्ड सीरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या मालिकेत, डॉजर्सच्या कर्क गिब्सनने लंगडत येऊन होम रन मारला, तेव्हा स्कली टीव्हीवर मिनिटभराहून अधिक वेळ एक शब्दही बोलले नाहीत. गर्दीला बोलू दिलं. १९६५ मध्ये पिचर सँडी कोफॅक्सचा परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर पोचू न दिलेला सामना, रेडिओवर सांगतानाही शेवटच्या स्ट्राइकनंतर तेच. सातारकर, बाबांना ते रेकॉर्डिंग ऐकवाच. त्यात ते मधेमधे घड्याळातली वेळ सांगतात. अंधारात बसलेल्या माणसाला वेळ सांगणं केवढा मोठा आधार असतो.

आणि त्यांचा शेवटचा सामना तुमच्याच मैदानावर झाला, २ ऑक्टोबर २०१६. मी पहाटे निघून गाडीने गेलो होतो. जायंट्सचं ते वर्ष आठवतं ना? अर्ध्या हंगामाला ५७-३३, सगळ्या लीगमध्ये सर्वोत्तम. उरलेल्या अर्ध्यात ३०-४२. त्या शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला ७-१ ने हरवून कशीबशी पुढची फेरी गाठली. मला हरल्याचं काहीच वाटलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रेक्षक, ज्यांनी आयुष्यभर आमचा द्वेष केला, ते बूथकडे वळून उभे राहिले आणि टोप्या हलवत होते. जायंट्सचे जुने महान खेळाडू विली मेज बूथमध्ये जाऊन भेटले. बरोबर ऐंशी वर्षांपूर्वी, २ ऑक्टोबर १९३६ ला, न्यूयॉर्कमध्ये शाळेतून घरी जाताना लहानग्या स्कलींनी एका धोब्याच्या दुकानावर वर्ल्ड सीरीजचा निकाल वाचला होता, यँकीज १८, जायंट्स ४. हरलेल्यांची दया आली म्हणून ते जायंट्सचे झाले. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ते गेले, ती बातमी आली तेव्हाही याच दोन संघांचा सामना तुमच्याच मैदानावर चालू होता.

कामाचं: एमएलबीच्या अ‍ॅपवर फक्त ऑडिओची वर्गणी मिळते. टीव्हीसारखी गावागावाची बंदी ऑडिओला नाही, भारतातही चालते, आणि दोन्ही संघांपैकी कोणाचं रेडिओ समालोचन ऐकायचं ते निवडता येतं. म्हणजे मिलर सुट्टीवर असतील त्या दिवशी समोरच्या संघाचा माणूस ऐकता येईल. पडद्यासाठी अँड्रॉइडवर टॉकबॅक चालू करा, बोट जिथे फिरेल तिथलं नाव फोन बोलून दाखवतो. माझ्या सासऱ्यांना सवय व्हायला तीन आठवडे लागले. अ‍ॅपचं चिन्ह पडद्याच्या एकदम खालच्या कोपऱ्यात ठेवा आणि दुसरं काही आसपास ठेवू नका.

मिलवॉकीचा_मिरजकर

मेट्सवाले दादा, २८ सप्टेंबरला आम्ही सिनसिनाटीला हरवून तुमच्यासाठी दार उघडून ठेवलं होतं.

मी थोडंच लिहितो. आमचे बॉब युकर १६ जानेवारीला गेले, नव्वद वर्षांचे होते. १९७१ पासून आमच्या मिलवॉकी ब्रुअर्सचा रेडिओवरचा आवाज. त्यांनी सांगितलेला शेवटचा सामना ३ ऑक्टोबर २०२४ चा, नवव्या इनिंगमध्ये मेट्सच्या पीट अलोन्सोने आमचा हंगाम संपवला तो. मी तो आय-९४ वर गाडी चालवत ऐकला. संपल्यावर त्यांच्या आवाजात जे ऐकू आलं, ते आमच्या घरातला माणूस हरल्यासारखं होतं. मला तेव्हा माहीत नव्हतं की हे शेवटचं.

आणि त्यांच्यानंतरचा पहिला हंगाम कसा गेला बघा. ९७ विजय, लीगमध्ये सर्वाधिक. ऑगस्टमध्ये सलग १४, आमच्या संघाचा विक्रम. इथल्या एका हॉटेलवाल्याची जुनी प्रथा आहे, ब्रुअर्सनी सलग बारा जिंकले की गावाला फुकट बर्गर. १९८७ ला झालं, २०१८ ला झालं आणि यंदा झालं. मी मुलाला घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, कमरेला छोटा रेडिओ अडकवलेला. ते कुणाशी तरी नाही, हवेत बघत म्हणाले, "युकरनी हे ऐकायला हवं होतं." पुढे डॉजर्सनी आम्हाला चार-शून्य केलं. त्याबद्दल आज काही बोलायचं नाही.

"आम्ही" म्हणण्याबद्दल: युकर मनापासून आमचे होते आणि ते लपवायचे नाहीत. पण समोरच्याने चांगला फटका मारला तर तोही पूर्ण सांगायचे. मला तरी एवढं पुरेसं आहे.

फ्रीमाँटचा_सातारकर

सगळ्यांचे आभार. आज इथे रविवारची सकाळ, तिकडे रात्र. आईबाबांना व्हिडिओ कॉल लावून सगळी उत्तरं वाचून दाखवली. काही जागी मला थांबावं लागलं.

दुसरा_बेस ताई, कायपरांचा एकच होम रन ऐकून बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "त्या दिवशी त्याचा होम रन रेडिओवर कुणी सांगितला असेल रे?" मी शोधतो. तुमच्या आईंबद्दलही माझ्या आईने विचारलं आहे. लिहायचं नसेल तर नका लिहू.

मेट्सवाले दादा, पहाटे ४:४० ची बाबांना मुळीच अडचण नाही. त्यांची पहिली फेरी पाच वाजता सुटायची. उठायची सवय अजून गेलेली नाही.

पुणेकर, कोफॅक्सचं ते रेकॉर्डिंग ऐकवलं. वेळ सांगण्याचं तुमचं म्हणणं तंतोतंत. शेवटी स्कली गप्प झाले आणि नुसती गर्दी ऐकू येत राहिली, तेव्हा बाबांनी हात वर करून आम्हाला गप्प बसवलं. संपल्यावर म्हणाले, "याने मैदान दाखवलं आणि स्वतः बाजूला झाला."

एक गोष्ट मूळ प्रश्नात लिहायची राहिली. १२ सप्टेंबरला मी बाबांना मैदानावर नेलं होतं. डॉजर्स आले होते. बार्ट रेल्वेने एम्बार्काडेरोपर्यंत, तिथून हळूहळू चालत. बाबांना थंडी वाजेल म्हणून आईने स्वेटर, मफलर, सगळं बांधून दिलं होतं. ट्रान्झिस्टर खिशात, एका कानात इअरफोन, दुसरा कान मोकळा. चिंचोके त्यांनी माझ्या हाताच्या तळव्यावर मांडले. शेवटच्या इनिंगपर्यंत समुद्रपक्षी खाली उतरून डोक्यावर फिरायला लागतात, त्यांचा आवाज आल्यावर म्हणाले, "आता संपत आलं वाटतं." पण संपलं नाही, दहावी इनिंग झाली. बेस भरलेले आणि पुन्हा तोच पॅट्रिक बेली. मला फक्त बॅटचा आवाज आला आणि पुढचे सगळे उभे राहिले, त्यामुळे चेंडू दिसलाच नाही. बाबा खुर्चीत बसूनच, इअरफोन दाबून धरून, मला सांगत होते. "डावीकडे... उंच... गेला, गेला, गेला." मग भोंगा वाजला. ५-१. बादफेरीच्या शर्यतीत मेट्सच्या अगदी मागे येऊन ठेपलो होतो तेव्हा आम्ही. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आपल्या अ‍ॅडामेसने त्याचा यंदाचा तिसावा होम रन मारला. २००४ च्या बाँड्सनंतर जायंट्सच्या कुणाचे एका हंगामात तीस झाले नव्हते. तोही बाबांनी ऐकला, बॅगा भरता भरता. दुसऱ्या दिवशी संघाचे मॅनेजर मेल्विन यांना काढल्याची बातमी आली आणि त्यानंतर दोन दिवसांनी आईबाबांचं विमान होतं.

टॉकबॅक भाचीने चालू करून दिलं आहे. जायंट्सचं चिन्ह खाली उजव्या कोपऱ्यात, आजूबाजूला काही नाही. बाबा सध्या जुन्या सामन्यांवर सराव करत आहेत, काल त्यांनी एकट्याने ८ जुलैचा सामना शोधून लावला. ट्रान्झिस्टर मी इथेच ठेवून घेतला आहे, स्वयंपाकघरात, ६८० वरच. फ्रिज सरकवला तेव्हा तीन चिंचोके सापडले. ते भारतात पाठवू का विचारलं, तर आई म्हणाली, इथे चिंचेचं झाड दारात आहे, तिथलेच तिथे राहू दे.

पुढचा हंगाम जायंट्स २५ मार्चला घरच्या मैदानावर यँकीजविरुद्ध सुरू करतात. साताऱ्यात तेव्हा २६ मार्चची पहाट असेल. आईने कॅलेंडर मिळाल्या मिळाल्या त्या तारखेला खूण करायची कबूल केली आहे, आणि चहा किती वाजता टाकायचा ते बाबांनी मला बरोबर वेळ सांगून कळवायला सांगितलं आहे.